शेवट नको, असं मीच लिहिलं होतं

या सदरातले अनुभव वाचून मोठ्यानं हसणाऱ्यांपैकी मी एक आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. बायको वाचते, घाबरते, मग मला वाचून दाखवते... आणि मी प्रत्येकात काही ना काही खोट काढतो. आम्ही नगरजवळच्या भिंगारचे ख्रिस्ती, पणजोबांपासूनचे. घरात भूत-हडळ असला विषय निघाला की आई बायबल पुढ्यात ठेवायची आणि म्हणायची, आधी हे वाच, मग बोल. त्यात मी इलेक्ट्रॉनिक्सचा आयटीआय केलेला माणूस. वस्तू बिघडली म्हणजे कुठलं तरी कनेक्शन सुटलेलं असतं, यापलीकडे माझी अक्कल जात नाही. तरीही हे लिहितोय, कारण गेल्या रविवारी एक गोष्ट घडली आणि ती पोटात ठेवणं मला जमेना.

पण सुरुवात नव्याण्णव सालापासून करायला हवी. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. भिंगारमध्ये आमची सहा जणांची भजनपार्टी होती. नाताळ, चर्चचा वर्धापनदिन, लग्न, कुणाच्या नव्या घराची प्रार्थना, जिथून बोलावणं येईल तिथं जायचं. रत्नाकर म्हणून शाळामास्तर होते, ते मुख्य गायक. मी कीबोर्डवर. आणि ढोलकीवर शांतवन मामा, माझ्या आईचे सख्खे धाकटे भाऊ.

मामा लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन नोकरीला होते आणि घरी शिवणकाम करायचे. कधीकाळी घरच्याच मशीनची सुई त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटातून आरपार गेली होती. तेव्हापासून ते बोट नीट वाकत नसे. त्यामुळे त्यांच्या आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात एक गंमत होती. दर चौथ्या फेरीला सातवी मात्रा केसभर उशिरा पडायची. ऐकणाऱ्याला कळायचं नाही, पण गाणाऱ्याला तिथं श्वास घ्यायला जागा मिळायची. आम्हाला सगळ्यांना त्या जागेची सवय झाली होती.

आमच्या पार्टीची आणखी एक रीत सांगतो, कारण सगळं तिथंच येऊन अडकतं. गाणं कुणीही सुरू करावं, पण संपवायचं ढोलकीनंच. मामा शेवटी एक तुकडा तीनदा वाजवायचे, आणि तिसऱ्या वेळची शेवटची थाप बरोबर पहिल्या मात्रेवर पडायची. याला तिहाई म्हणतात. ती थाप पडली की गाणं संपलं. तिच्या आधी कुणी थांबलं तर मामा चार दिवस त्याच्याशी बोलायचे नाहीत. माझ्याशी एकदा आठवडाभर बोलले नव्हते.

त्या उन्हाळ्यात मामांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दोन महिन्यांत ते चालायला लागले, बोलणंही सुधारलं, पण उजवा हात गेला तो गेलाच. ढोलकी मांडीवर घ्यायचे, डाव्या हातानं घुमवायचे, आणि उजवा हात कातड्यावर नुसता फडफडायचा. रत्नाकर मास्तरांना सूर सोडून ताल सांभाळावा लागे. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, तुझ्या त्या पेटाऱ्यातून काहीतरी काढ बाबा, नाहीतर पार्टी बंद पडली म्हणून समज. मामांच्या तोंडावर बोलायची मात्र एकाचीही छाती नव्हती. माझी तर अजिबातच नव्हती.

माझा कीबोर्ड पुण्याहून आणलेला, सेकंडहँड, फ्लॉपी टाकायची सोय असलेला. त्यात तयार ठेके भरपूर होते, पण सगळे परदेशी. वाल्ट्झसारख्या इंग्रजी नाचाच्या ठेक्यावर भजन कसं म्हणणार? त्याच सुमारास नगरला सावेडीत एक सायबर कॅफे निघालं होतं. प्लायवूडच्या चार खोपट्या आणि फोनसारखा किंचाळणारा मोडेम. तिथं बसून शोधता शोधता मला एक पान सापडलं. संगीतकार लोक तिथं आपल्याला हवे ते बीट, म्हणजे ठेके, मागायचे आणि ते बनवणारे बनवून द्यायचे, त्यांना तिथं प्रोड्युसर म्हणत. काही जण निव्वळ हौस म्हणून बनवायचे. असाच एक जण, देश कुठला ते मी विचारलं नाही, म्हणाला की भारतीय ठेका कधी केला नाही, करून बघायला आवडेल. मात्रा किती, वेग किती, बोल कुठले, सगळं लिहून पाठव.

बोल सांगणार कोण? मामाच. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि चक्क खोटं बोललो. म्हणालो, मामा, तुमचा ठेका लिहून ठेवू, पुढच्या पोरांना उपयोगी पडेल. मामांना इतका आनंद झाला... दुसऱ्या दिवशी मी गेलो तर माणूस डाव्या हातानं दाढी करून, हनुवटीवर दोन ठिकाणी कापून घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. तीन दिवस ते बोल म्हणत होते आणि मी लिहीत होतो. मामी चहावर चहा आणत होती. आज आठवलं तरी माझी मलाच लाज वाटते.

शेवट मात्र त्यांनी सांगितला नाही. मी विचारलं, तर मान हलवली. म्हणाले, “तेवढं तोंडानं सांगत न्हाईत. ते हातानंच द्यायचं असतं.”

प्रोड्युसरनं भरायला पाठवलेल्या यादीत सगळ्यात खाली ‘एंडिंग’ असा रकाना होता. गाणं संपवायचं बटण दाबलं की काय वाजावं, ते तिथं लिहायचं. माझ्याकडे लिहायला काही नव्हतं. आणि मनाची थोडी समजूतही घातली, की शेवटासाठी तरी मामांना स्टेजवर बसवू, डाव्या हातानं देतील. म्हणून मी लिहिलं, शेवट नको, शेवट आमचा माणूस करील. माझ्या हातून झालेली चूक ती हीच, बाकी सगळं त्यातून निघालं.

नऊ दिवसांनी मेल आला. आत एक ओळसुद्धा नाही, फक्त जोडलेली फाईल. मी ती फ्लॉपीवर घेतली आणि दुपारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये तालमीला लावली. पहिल्या दोन फेऱ्यांतच टाळवाला हसायला लागला. हे तर मामाच, म्हणाला. मीही हसत होतो. मग चौथी फेरी आली, सातवी मात्रा आली... आणि ती केसभर उशिरा पडली. रत्नाकर मास्तरांनी नेहमीसारखा तिथं श्वास घेतला. त्यांना काही जाणवलंच नाही. मला जाणवलं, कारण त्या उशिराबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. लिहिणार कसं, मात्रेच्या त्या फटीला बोल नसतो. मी मनाला सांगितलं, योगायोग असेल, फाईल जरा खराब असेल. कनेक्शन, दुसरं काय.

पुढच्या आठवड्यात राजूरला लग्न होतं. आता शेवटालासुद्धा मामा नकोत, असं मास्तरांनी ठरवलं. मशीनचं बटण आहे की, तालमीत थांबत होतं तसंच दाबायचं आणि थांबायचं. मामांना कोण सांगणार यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हो म्हणालो आणि सांगितलंच नाही. सकाळी सहाला जीप निघाली. मामा नेहमीच्या कोपऱ्यावर ढोलकी घेऊन उभे असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून जीप कॅन्टोन्मेंटच्या मागच्या रस्त्यानं काढली. अकोले येईपर्यंत एकानंही मागं वळून बघितलं नाही.

राजूरच्या मांडवात अकराच्या पुढं आम्ही सुरुवात केली. ठेका लावला, गाणं रंगलं, लोक टाळ्या धरून बसले. बारा वाजत आले तेव्हा मास्तरांनी मला डोळ्यानं खूण केली आणि मी स्टॉपचं बटण दाबलं.

ठेका थांबला नाही. मी पुन्हा दाबलं, जोरात दाबलं, मग बोटानं दाबूनच धरलं. फ्लॉपी बाहेर काढली. ठेका चालूच. मास्तर शेवटची ओळ पुन्हा म्हणाले, मग पुन्हा, मग पुन्हा. ठेका चालू असताना थांबायचं नाही, हे त्यांच्याही अंगात मुरलेलं होतं ना. टाळ्या विरळ होत बंद पडल्या. नवरीचा मामा उठून बघायला लागला. मास्तरांचा आवाज फाटला, मानेच्या शिरा दिसायला लागल्या, आणि ते माझ्याकडे असे बघत होते की मी ती नजर विसरू शकत नाही. शेवटी मी खाली वाकून प्लग खेचला.

मांडव गप्प झाला. कुणीतरी म्हणालं, लाइटीचा प्रॉब्लेम, आणि सगळे जेवायला उठले. मी मात्र वाकलेला तसाच राहिलो, कारण ठेका गेला नव्हता. आता तो माझ्या जबड्यात वाजत होता.

हे नीट सांगायला हवं. मला आवाज ऐकू येत नव्हता. माझे दात आठ मात्रांत एकमेकांवर पडत होते. मी उठलो तर पाय ठेक्यात पडले. पंक्तीत बसलो, घास तोंडात घातला, तर चौथ्या मात्रेशिवाय गिळता येईना. पाणी पितानासुद्धा तेच. परतीच्या जीपमध्ये संगमनेरचा रस्ता खड्ड्यांचा, जीप वेडीवाकडी उडत होती, आणि मी त्या उडण्यात न सापडता आतल्या आत आठ मात्रा मोजत बसलो होतो. दर चौथ्या फेरीला सातव्या मात्रेशी केसभर फट पडायची. तिथं काय तो श्वास मिळायचा. मला कळत होतं की मी आता फक्त तिथंच श्वास घेतोय.

तीन दिवस असे गेले. आई म्हणाली, तू असा तुकड्या-तुकड्यानं का बोलतोस? मी मुद्दाम घाईनं बोलायचा प्रयत्न केला तर शब्द घशात थांबून आपली मात्रा यायची वाट बघायचे. झोप नावालाही नव्हती. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि मला म्हणाले, एकदम रेग्युलर आहे, टेन्शन कमी करा. कीबोर्डवर दुसरे ठेके मोठ्या आवाजात लावून बघितले. ते बाहेर वाजायचे आणि आतलं आपलं चालूच. तो ठेका म्हणजे मी कुठंही गेलो तरी माझ्यासोबत येणारी एक खोली होती आणि तिला दार नव्हतं. कारण दार करायचा रकाना मी स्वतःच्या हातानं रिकामा ठेवला होता. तिसऱ्या दिवशी मी घाबरून रडलो, तर हुंदकेसुद्धा मोजून आले.

चौथ्या दिवशी सकाळी सावेडीला गेलो. म्हटलं, त्या प्रोड्युसरलाच विचारावं, शेवट बनवून मागावा. मेल उघडला तर त्याचाच नवा मेल येऊन पडलेला. लिहिलं होतं, माफ कर, तीन आठवडे बाहेरगावी होतो, तुझे बोल आत्ताच वाचले, तो ठेका अजून हवा आहे का? हवा असल्यास या आठवड्यात सुरू करतो... मी खाली बघितलं. फाईलवाला पहिला मेल तिथंच होता, त्याच नावानं आलेला. मी त्याला विचारलं. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं, की असं काही त्यानं पाठवलेलं नाही आणि ढोलकीचा आवाज त्याच्याकडे मुळात नाहीच. पण त्या उत्तराची वाट बघत मी थांबलो नव्हतो. कॅफेतून निघालो तो सरळ मामांकडे गेलो होतो.

मामा ओट्यावर बसून उजव्या हातात रबरी चेंडू दाबायचा व्यायाम करत होते. मी फाटकातून आत आलो. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि चेंडू खाली ठेवला. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “माझा ठेका तुझ्या पायात कसा काय आला?”

मी सगळं सांगितलं. वहीचं खोटं, फ्लॉपी, जीपचा मागचा रस्ता, सगळं. तुकड्या-तुकड्यानं, मोजून. मामा चिडले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. चेंडूकडे बघतच बोलले.

“मी सहापास्नं हुभा हुतो कोपऱ्यावर. लोक इचारायला लागले, कार्यक्रम कुठंय म्हणून. मग घरी आलो. इथंच बसलो ढोलकी घेऊन. तुमी तिकडं वाजवीत असाल म्हणून मी बी डाव्या हातानं वाजवीत बसलो. बारा वाजता तुझ्या मामीनं जेवायला हाक मारली. तसाच उठलो. शेवट केला न्हाई.”

माझ्या अंगावर काटा आला, आणि तोही मात्रेवरच आला. मी त्यांचे पाय धरले. म्हणालो, मामा, चुकलो, पण आता शेवट करा.

त्यांनी मामीकडून ढोलकी मागवली. मांडीवर घेतली. उजवा हात उचलून बाजूला ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा, आणि डाव्या हातानं तिहाई सुरू केली. पहिला तुकडा वाजला तेव्हा माझा जबडा सैल पडला. दुसऱ्याला पाय थांबले. तिसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं. आता एक थाप राहिली होती. मामांनी हात वर नेला... आणि तो खाली आलाच नाही. त्यांनी तो हळूच माझ्या डोक्यावर ठेवला.

ठेका थांबला होता. मी पोट भरून, हवा तसा श्वास घेतला. पण पायरी उतरताना शेवटच्या पायरीसाठी उचललेला पाय हवेतच राहावा, तसं काहीतरी आत राहून गेलं होतं.

“एक राहिली, मामा,” मी म्हणालो.

“ती राहू दे माझ्यापाशी,” मामा म्हणाले. “न्हाईतर तू उद्या परत फ्लॉपी घेऊन जाशील.”

आणि हसले. तोंडाच्या एका बाजूनं, कारण दुसरी बाजू अजून सरळ झाली नव्हती.

मी ते थट्टेवारी नेलं. पुढच्या वर्षी पुण्यात एका स्टुडिओत कीबोर्ड वाजवायचं काम मिळालं, आनंदानं गेलो. चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना दात एकमेकांवर पडले. आठ मात्रा. मी कप तसाच ठेवून नगरची एसटी पकडली. भिंगारला मामांच्या ओट्यावर जाऊन बसलो तेव्हा ते थांबलं. त्यानंतर आणखी दोनदा करून बघितलं, एकदा नाशिकला, एकदा लग्नानंतर बायकोसोबत गोव्याला. बायकोला अजून वाटतं की मला बाहेरचं पाणी बाधतं. तीन दिवसांच्या पुढं मला मामांपासून लांब राहता येत नाही. चिडलो, मामांवर मनातल्या मनात दात-ओठ खाल्ले, मग सवय झाली. भिंगारातच रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. पार्टीत दुसरा ढोलकीवाला आला, पण प्रत्येक कार्यक्रमाला मी मामांना हात धरून नेतो, स्टेजवर बसवतो, आणि गाणं संपवतात ते. डाव्या हातानं. गाण्याची शेवटची थाप ते दर वेळी देतात. माझी तेवढी देत नाहीत.

अशी पंचवीसहून जास्त वर्षं गेली. आता मामांची सत्तरी कधीच उलटलीय. गेल्या महिन्यात पुन्हा अंगावरून वारं गेलं, अंथरुणातच आहेत. डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत, पण मामीनं मुलीला बोलावून घेतलंय. गेल्या रविवारी उपासना संपवून मी त्यांच्याकडे गेलो. बोलणं जड झालंय, कान जवळ न्यावा लागतो. त्यांचा डावा हात चादरीवर होता आणि बोटं हलत होती. मी ओळखलं. तिहाईचा तिसरा तुकडा होता. शेवटाला आला आणि हात उचललेला राहिला.

“तुझी एक राहिलीय,” ते म्हणाले. “लई वर्सं अडकवून ठेवलं तुला. देऊ का आता?”

इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते समोर होतं. एक थाप, आणि मी मोकळा. पुण्याला जा, गोव्याला जा, कुठंही जा. मी त्या उचललेल्या हाताकडे बघितलं, ती थाप पडली की गाणं संपतं हे आठवलं, आणि मला इतकी भीती वाटली की तशी राजूरच्या मांडवातही वाटली नव्हती. मी तो हात माझ्या दोन्ही हातांत धरला.

“नका देऊ, मामा,” मी म्हणालो. “पुढच्या महिन्यात वर्धापनदिनाचं भजन आहे. तुम्ही लागाल.”

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग हात सोडवून घेतला आणि चादरीखाली ठेवला.

तो पहिला मेल कुणी पाठवला, प्लग काढल्यावर काय वाजत होतं, एका माणसाच्या ओट्यावर राहिलेला शेवट दुसऱ्याच्या दातांत कसा येतो, यातलं एकही कनेक्शन मला आजवर सापडलेलं नाही. कुणाला सापडलं तर सांगा, पण मला घाई नाही. मी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मामांकडे जातो, आणि त्यांचा हात चादरीखाली आहे ना, तेवढं बघून येतो.